चालती वीट

विटेवर उभा असलेला देव पाहण्याची आम्हां मराठी माणसांच्या डोळ्यांस पिढ्यान्‌पिढ्यांची संवय आहे. परंतु खुद्द विटेलाच पाय फुटलेले पाहण्याचा योग वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, आणि तोही अंजनवेलीच्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर, माझ्या वांट्याला यावा हें थोडें नवलच म्हटलें पाहिजे. वैशाखांतली दुपार होती. समोरच्या आंगणांत आमसुलें वाळत पडलीं होतीं. वाशिष्ठीच्या मुखावरून येणारा खारा वारा माजघरापर्यंत पोंचत होता; पण ऊन्ह असें होतें कीं, पलीकडच्या तीरावरचें दाभोळ डोळे बारीक केल्यावांचून दिसूं नये. पुतण्याचा दहा वर्षांचा मुलगा सुटीसाठीं पुण्याहून आला होता. येतांना त्यानें गोष्टींचीं पुस्तकें आणलीं नव्हतीं; हातांत मावेल एवढें एक यंत्र मात्र आणलें होतें. तें टीव्हीला जोडून त्याचा खेळ चालला होता, आणि मी आरामखुर्चींत पडून, न पाहण्याचें सोंग करीत, तो खेळ पाहत होतों.

खेळ जुनाच होता. 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा हा तिसरा भाग जपानांत १९८८ सालीं निघाला. म्हणजे मी कॉलेजांत शिकत होतों त्या दिवसांतला. क्योटो शहरांतल्या ज्या निन्टेन्डो कंपनीनें तो काढला, ती १८८९ सालीं फुलांचीं चित्रें असलेले खेळण्याचे पत्ते करण्यासाठीं निघालेली होती, आणि या मारिओचा जनक शिगेरू मियामोतो हा आहे, ही माहिती मला त्या मुलानेंच दिली. मारिओ हा एक मिशाळ, बुटका प्लंबर. त्यानें धांवावें, उड्या माराव्या, खड्डे ओलांडावे, विटा फोडून आंतलीं नाणीं काढावीं आणि वाटेंत भेटणाऱ्या शत्रूंच्या टाळक्यावर पाय देऊन त्यांस चपटें करावें, एवढाच त्याचा संसार. माझें लक्ष हळूहळू त्यांत गुंतूं लागलें होतें. इतक्यांत जमिनीवर एक वीट पडलेली दिसली. मारिओ तिच्याजवळ गेला मात्र, तों ती वीट टुणकन् उडाली! तिच्याखालीं दोन इवलेसे पाय होते. ती मारिओच्या अंगावर आली आणि तो बिचारा गतप्राण झाला.

"अरे, हें काय?" मी न राहवून विचारलें.

"ती वीट नव्हती, आजोबा. वीट डोक्यावर घेऊन तो आंत लपून बसतो."

"मग तुला कळलें कसें नाहीं?"

"पहिल्यांदा कोणालाच कळत नाहीं," तो अगदीं सहज म्हणाला, आणि पुन्हा आरंभापासून खेळूं लागला.

मला त्या उत्तराचें फार आश्चर्य वाटलें. फसल्याची लाज त्याच्या मुद्रेवर लवमात्र नव्हती. पहिल्यांदा कोणालाच कळत नाहीं, हें त्यानें पावसांत भिजलों असें सांगावें तशा सुरांत सांगितलें. मी मात्र एक फसवणूक गेले कित्येक महिने पोटांत घालून बसलों होतों, आणि ती घरांतल्या कोणालाही सांगण्याचा धीर मला झाला नव्हता.

शत्रूनें शत्रूसारखें दिसावें हा खेळाचा पहिला सोपा नियम. कांटे असलेला कांटेरी दिसतो, ज्वाळा तांबडी दिसते, आणि खेळणारा त्याप्रमाणें आपली उडी बेततो. पण खेळ करणारांना हें सोपेपण फार दिवस पुरत नाहीं. मारिओ ज्या अळंब्या खाऊन मोठा होतो, त्याच अळंब्यांच्या रूपाची एक विषारी अळंबी त्यांनीं १९८६ सालच्या जपानी भागांतच पेरून ठेविली होती. जें हितकारक म्हणून आपण शिकलों, त्याचेंच रूप घेऊन अपाय समोर येतो. हा शत्रू आपल्या शक्तीवर घाला घालीत नाहीं. तो आपल्या अनुभवावर घाला घालतो. शंभर विटा निरुपद्रवी निघाल्या, म्हणून एकशेएकावीविषयीं आपण निःशंक असतों. ती निःशंकता हेंच त्याचें शस्त्र असतें.

"मग आतां प्रत्येक विटेपासून लांब राहायचें," मीं त्याला प्राध्यापकी सल्ला दिला.

त्यानें माझ्याकडे दयेनें पाहिलें. "असें केलें तर नाणीं कशीं मिळणार? नि वेळ संपतो ना, आजोबा!"

खरेंच, पडद्यावर वेळेचा एक आंकडा सारखा कमी कमी होत होता. सगळ्याच विटांना भिऊन उभा राहणारा मारिओ कोणाच्याही अंगावर येण्यावांचून, केवळ काळ संपल्यामुळें मरतो. हें मला ठाऊक नव्हतें. किंवा ठाऊक असूनही मीं तें गेल्या वर्षांत विसरून गेलों होतों.

आतां ती गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०२४ सालच्या श्रावणांत एके सकाळीं मला फोन आला. माझ्या नांवाचें एक पार्सल अडकलें असून त्यांत अमली पदार्थ सांपडले आहेत, असें कोणी एक सभ्य गृहस्थ सांगत होते. त्यांनीं तो फोन 'पोलिसांकडे' जोडून दिला. मोबाईलच्या पडद्यावर गणवेष घातलेला एक अधिकारी दिसूं लागला. मागें राजमुद्रा, टेबलावर फाइली, बाजूस कोणी उभें, सगळा थाट यथासांग होता. फोन बंद करावयाचा नाहीं, खोलीबाहेर जावयाचें नाहीं, कोणाशीं अक्षर बोलावयाचें नाहीं. तुम्ही अटकेंत आहां, असें मला बजावण्यांत आलें. भारतीय कायद्यांत अशा अटकेची कसलीही तरतूद नाहीं, हें आज शाळकरी मुलगाही सांगेल. पण त्या दिवशीं तीस वर्षें शेक्सपिअर शिकविणारा हा मनुष्य स्वतःच्याच अभ्यासिकेंत सहा तास कैदी होऊन बसला, आणि 'तपासासाठीं' म्हणून सांगितलेल्या खात्यांत मुलीच्या शिक्षणाकरितां ठेवलेले चार लाख रुपये भरून मोकळा झाला. अशा ठकबाजीची तक्रार १९३० या क्रमांकावर तत्काळ करावयाची असते. मीं ती केली दुसऱ्या दिवशीं, जेव्हां पैसे कोठल्या कोठें गेले होते. पुढें २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं 'मन की बात'मध्यें या प्रकाराविषयीं साऱ्या देशाला सावध केलें. माझ्यापुरती ती सावधगिरीची सूचना दोन महिने उशिरा आली.

लहानपणीं याच ओटीवर बहुरूपी येत असे. त्याचें एक ठरलेलें सोंग पोलिसाचें होतें. डोक्यावर टोपी, हातांत छडी, छातीवर कसलेंसें बिल्ल्यासारखें चकाकणारें. तो आल्या आल्या आमच्या आजोबांवर गुरकावे, कसलें तरी वॉरंट वाचून दाखवी, आणि त्यांत लग्नाच्या वऱ्हाडापासून हरवलेल्या म्हशीपर्यंत सगळे गुन्हे कोंबलेले असत. आम्ही मुलें आजीच्या पदराआड लपूं आणि खदखदून हंसूं. शेवटीं तो टोपी काढी, जमिनीला हात लावून नमस्कार करी आणि शेर-दोन शेर तांदूळ घेऊन पुढच्या घरीं जाई. पोलिसाचें सोंग तेंच, खोटें वॉरंट तेंच, आणि घरच्या माणसाकडून कांहीं न्यावयाचें तेंही तेंच. मग भेद कोठें? तो त्या टोपी काढण्यांत आहे. बहुरूप्याचें सोंग उतरण्यासाठींच चढविलेलें असतें. आपण फसलों हें आपल्याला कळावें, त्यांतच त्याच्या कलेचें सार्थक असतें. ठकाचें सोंग आपल्याला कधींच कळूं नये म्हणून असतें. सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, असें आपली म्हण म्हणते. ती खरी आहे. मात्र पैसा नेण्यासाठीं वाटेल तें सोंग आणतां येतें, ही तिची दुसरी बाजू मला चार लाखांस पडली.

गेले ते पैसे गेले. त्यांचें दुःख मी करीत बसलों असतों तर तें तेवढ्यावरच भागलें असतें. पण दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताक फुंकून पितो असें म्हणतात, तें अर्धेंच खरें आहे. तो कधीं कधीं ताकाचें भांडें देणाराच्या अंगावर भिरकावतो. त्याच वर्षीं परतीच्या पावसांत एका रात्रीं नवाच्या सुमारास एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. वाऱ्याच्या घोंगावण्यांत आवाज नीटसा ऐकूं येत नव्हता. "भाऊ, मी अंजनवेलीहून बोलतोंय. मागच्या पडवीचा वांसा मोडला, कौलें खालीं आलीं. घरांत पाणी शिरतंय. पंधरा हजार रुपये याच नंबरावर पाठवा, सकाळीं सुतार बोलावतों." अनोळखी क्रमांक, घाई, संकटाची बातमी आणि शेवटीं रक्कम! फसवणुकीचीं जीं जीं लक्षणें मीं त्या दोन महिन्यांत वाचून पाठ केलीं होतीं, तीं सगळीं एका ओळींत उभीं होतीं. मी संतापलों. "तुमच्यासारखे पुष्कळ पाहिले आहेत, पुन्हां फोन कराल तर पोलिसांत देईन," असें कांहींसें आणि त्याहून वाईट कांहीं बोलून मीं फोन आपटला आणि तो क्रमांक कायमचा बंद करून टाकला. त्या रात्रीं मला कित्येक दिवसांनीं शांत झोप लागली. आपण शहाणे झालों असें वाटलें.

या वैशाखांत मी घरीं आलों तों मागच्या पडवीवर नवीं मंगलोरी कौलें होतीं.

तीं कोणीं घातलीं हें विचारावें लागलें नाहीं. आमचें घर आणि कलमें गेलीं वीस वर्षें जे राखतात, त्या तांडेलांनीं घातलीं होतीं. त्यांचा मोबाईल होडींतून पाण्यांत पडला होता, म्हणून त्यांनीं त्या रात्रीं भाच्याच्या फोनवरून मला हांक मारली होती. मीं फोन आपटल्यावर त्यांनीं पुन्हां केला नाहीं. रात्रींच दोघां माणसांना घेऊन त्यांनीं माळ्यावरची वडिलांची पुस्तकांची ट्रंक खालीं उतरविली, ताडपत्री टाकली, आणि पाऊस उघडल्यावर स्वतःच्या पदरच्या पैशांनीं वांसा बदलून घेतला. हें सर्व मला शेजारच्या बाईंकडून कळलें. तांडेल स्वतः अक्षर बोलले नव्हते. मी आल्यावर त्यांनीं नेहमींप्रमाणें शहाळीं काढून दिलीं, विहिरीचा पंप सुरू करून दिला आणि पत्नीच्या गुडघ्याची विचारपूस केली. मींही कौलांकडे पाहिलें नाहीं असें दाखविलें. पांच दिवस आम्ही दोघे एका छपराखालीं, त्या छपराविषयीं न बोलतां वावरलों. सोंग घेण्याची पाळी आतां माझी होती.

वर्गांत 'ऑथेल्लो' शिकवितांना मी मुलांना नेहमीं सांगत आलों कीं, ऑथेल्लो हा भोळा सेनापति. इयागोनें प्रामाणिकपणाचा मुखवटा चढविला आणि हा त्याला भुलला. आतां त्या ओटीवर बसून मला वाटूं लागलें कीं, मीं तें नाटक तीस वर्षें अर्धेंच शिकविलें. ऑथेल्लोचा नाश नुसत्या विश्वासानें झालेला नाहीं. इयागोवर विश्वास ठेवला ही त्याची पहिली चूक. डेस्डेमोनावर ठेवला नाहीं ही दुसरी. पहिली चूक त्याला फसवून करविली गेली. दुसरी त्यानें आपल्या हातानें केली. आणि ती घडली ती कशानें? तिच्याविषयीं त्यानें जगाला विचारलें, इयागोला विचारलें, एका हातरुमालाला विचारलें. तिला जें विचारलें तें मनांत निकाल लागून गेल्यावर. माझ्याही हातून एकाच वर्षांत, दोन महिन्यांच्या अंतरानें, या दोन्ही चुका झाल्या होत्या. पहिलीचें मी मनांत हजारदां उट्टें काढलें होतें. दुसरीला मी शहाणपण म्हणत होतों.

सहाव्या दिवशीं संध्याकाळीं ओहोटी होती. तांडेल खाडीच्या तोंडाशीं जाळें पाहावयास निघाले होते. मी त्यांच्याबरोबर निघालों. डाव्या हाताला गोपाळगडाची काळी तटबंदी उन्हांत तापून आतां थंड होत होती. हा किल्ला विजापूरकरांचा, मग मराठ्यांचा, मग सिद्दीचा. तुळाजी आंग्र्यांनीं तो घेऊन त्याला गोपाळगड हें नांव दिलें. पुढें तो पेशव्यांकडे आणि १८१८ सालीं इंग्रजांकडे गेला. जमिनीकडच्या अंगाला खोल खंदक खणलेला आहे, समुद्राकडे बुरूज आहेत. ज्यांनीं तो बांधला त्यांना शत्रू कोठून येणार आणि कसा दिसणार हें ठाऊक होतें. त्याच्या नावेला शीड असे, शिडावर निशाण असे. त्या तटाखालून चालतांना मला त्या किल्लेदारांचा हेवा वाटला.

पाणी घोट्यापर्यंत आलें तेव्हां तांडेल म्हणाले, "भाऊ, पाय उचलूं नका. घाशीत चला."

"कां?"

"पाकट असतो वाळूंत."

पाकट हा मुशीच्या दूरच्या नात्यांतला मासा. अंग थाळीसारखें चपटें, मागें चाबकासारखी लांब शेपटी, आणि शेपटीवर करवतीसारख्या दांत्यांचा विषारी कांटा. तो तळाच्या वाळूंत अंग हालवून वाळू पाठीवर ओढून घेतो आणि निपचित पडून राहतो. तोंड खालच्या बाजूला असल्यामुळें श्वासाचें पाणी तो डोळ्यांमागच्या दोन छिद्रांनीं आंत घेतो. तेवढे डोळे आणि तीं छिद्रें वाळूबाहेर असतात, बाकी सगळी वाळूच. वरून थेट पाय पडला तर शेपटी उलटून कांटा घुसतो, आणि त्याच्या वेदना भल्याभल्यांना लोळवतात. सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत पाय धरला म्हणजे त्या उतरतात. अंजनवेलीची चालती वीट ती हीच, असें माझ्या मनांत आलें. मात्र येथें ती खेळणाऱ्याला ठकविण्यासाठीं कोणीं रचून ठेविलेली नव्हती.

"तो लपतो कां, तांडेल? माणसाला चावण्यासाठीं?"

तांडेल हंसले. "माणूस काय त्याला खायचा आहे? मुशी येते ना, तिला भिऊन लपतो. आपण आपले वरून पाय देतों. घाशीत गेलं कीं त्याला आधींच कळतं कोणी येतंय म्हणून. तो आपणहून निघून जातो. त्यालाहि नको असतं."

पाश्चात्य शास्त्रज्ञांनीं या वेषांतराचा पुष्कळ अभ्यास केला आहे. हेन्‍री वॉल्टर बेट्स हा इंग्रज अकरा वर्षें ॲमेझॉनच्या अरण्यांत हिंडला आणि १८६२ सालीं त्यानें जगापुढें मांडलें कीं, कांहीं निरुपद्रवी फुलपांखरें पक्ष्यांना न रुचणाऱ्या फुलपांखरांचें रूप घेतात, आणि त्या उसन्या रूपावर आपला जीव वांचवितात. त्यासाठीं ॲमेझॉनला जावयास नको. आमच्या परसांतल्या कढीलिंबावर वाढणारें काळें 'मॉर्मन' जातीचें फुलपांखरूं घ्या. त्याच्या कांहीं माद्या तांबडे ठिपके धारण करून 'रोझ' जातीच्या विषारी फुलपांखरांसारख्या दिसतात. पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहींत. बाजारांत मिळणारा लेप नांवाचा चपटा मासा लहानपणीं इतर माशांसारखाच असतो. वाढतां वाढतां त्याचा एक डोळा सरकून दुसऱ्याच्या बाजूस येतो, आणि मग वरचें अंग वाळूच्या रंगाचें करून तो जन्मभर एका कुशीवर पडून राहतो. वेष पालटून भक्ष्याला गांठणारे जीव नाहींत असें नाहीं. फुलाच्या रंगाचा होऊन फुलांतच दबा धरणारा कोळी आहे. पण भयानें वेष घेणारे दुबळे जीवही या सृष्टींत उदंड आहेत. आणि वाळूवर पाऊल टाकणाऱ्याला हें बाहेरून ओळखतां येत नाहीं. म्हणून तांडेलांच्या वाडवडिलांनीं ओळखण्याचा नाद सोडून चालण्याची रीत शोधून काढली. पाण्यांत उतरूं नका असें ते म्हणत नाहींत. उतरलें नाहीं तर पोट कसें भरणार? जेथें जेथें वाळू दिसेल तेथें तेथें भाला खुपसा असेंही म्हणत नाहींत. पाय घाशीत चला, एवढेंच म्हणतात. येणाराची चाहूल आधीं जाऊं द्यावी, आणि समोरच्याला आपण कोण हें दाखविण्यास एक क्षण द्यावा.

तो एक क्षण मीं त्या रात्रीं दिला नव्हता.

जाळ्याच्या खुंटाशीं आम्ही थांबलों, तेव्हां मीं बोलावयास आरंभ केला. आधीं फोनचें बोललों, मग कौलांचें. पण क्षमा मागतांना मागचें कारण सांगितल्यावांचून भागेना. म्हणून पत्नीलाही जी पुरती सांगितली नव्हती ती सहा तासांची गोष्ट, अंधार पडत असतां, गुडघाभर पाण्यांत उभें राहून, मीं तांडेलांना सांगितली. ते बराच वेळ जाळें चांचपीत राहिले. मग म्हणाले, "मग फोन आपटलांत त्यांत वाईट कांहीं केलं नाहींत, भाऊ. मी असतों तर मीहि आपटला असता. पण मला एक विचारायचं होतंत."

"काय?"

"माळ्यावरच्या ट्रंकेवर कोणाचं नांव आहे, एवढं. चोराला तें कुठून ठाऊक असणार?"

मी गप्प झालों. त्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानें माझ्या आजोबांचें नांव लिहिलेलें आहे, आणि तें आमच्या घरांतल्या माणसांवांचून फक्त तांडेलांना ठाऊक आहे. एक प्रश्न, आणि दोन शब्दांचें उत्तर!

परत येतांना मला रामायणांतला एक प्रसंग आठवत होता. वाल्मीकीनें तो सुंदरकांडांत घातला आहे, आणि लहानपणापासून ऐकूनही त्याचा अर्थ माझ्या ध्यानांत आला नव्हता. हनुमान अशोकवनांत सीतेपुढें आला तेव्हां तिला आनंद झाला. पण पाठोपाठ शंका आली कीं, हा रावणच तर नव्हे? एकदां तो संन्यासी होऊन आला होता. आतां वानर होऊन आला असेल. तिची शंका रास्त होती. सोंगानें जिचें सर्वस्व नेलें तिनें दुसऱ्या सोंगाला भिऊं नये तर कोणीं भ्यावें? परंतु तिनें त्याला हांकून दिलें नाहीं, आणि आपली शंका लपविलीही नाहीं. तिनें ती त्याच्या तोंडावर बोलून दाखविली आणि विचारलें: रामाला तूं ओळखतोस तर त्याचें रूप सांग, त्याच्या खुणा सांग. हनुमानानें सांगितल्या, मग मुद्रिका दिली. ज्या बाईला फसविल्यामुळें एवढें युद्ध झालें, तिनें फसल्यानंतर विचारावयाचें टाकिलें असतें, तर रामाचा निरोप तिला कोण पोंचविता? आपण सीताहरणाची कथा सांगतांना संन्याशाच्या झोळीचें भय मुलांच्या मनांत भरवितों. अशोकवनांतला हा सवाल मात्र विसरतों. शंका घेणें हें पाप नव्हे. शंका घेऊन खूण न विचारणें, हें मात्र ज्याच्यावर शंका घेतली त्याच्याशीं केलेलें पाप आहे. मग तो तुमच्या छपरासाठीं पावसांत भिजत कां उभा असेना.

दुसऱ्या दिवशीं मीं तांडेलांना पैसे देऊं केले. त्यांनीं एका वहीच्या फाटक्या पानावर मांडलेला हिशेब आणून दाखविला: कौलें, वांसा, सुताराची मजुरी. तेवढीच रक्कम घेतली; वरचे हजार रुपये परत केले. "त्या रात्रीं तुम्ही घाईंत होतांत," ते म्हणाले, आणि त्या विषयावर त्यांनीं पडदा टाकला. मीं त्यांच्या भाच्याचा क्रमांक फोनांत पुन्हां मोकळा केला. त्यानंतर तिसऱ्या प्रहरीं पत्नीला बोलावून ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. ती म्हणाली, "मला तेव्हांच वाटलें होतें," आणि डोळे पुसून चहा टाकावयास गेली. पहिल्यांदा कोणालाच कळत नाहीं, हें त्या मुलाचें वाक्य मीं तिला सांगितलें नाहीं. तें मीं स्वतःसाठीं ठेवून घेतलें.

संध्याकाळीं मुलाला घेऊन आम्ही तिघे पुन्हां खाडीवर गेलों. टाळकेश्वराच्या दीपगृहाचा झोत अजून सुरू झाला नव्हता. मुलाला पाय घाशीत चालण्याची भारी मौज वाटत होती. तो मुद्दाम वाळू ढवळीत पुढें जात होता. एकाएकीं त्याच्या पुढें दोन हातांवर वाळूचा एक तुकडा हालला. गढूळ पाण्याचा एक ढग उठला, आणि त्यांतून थाळीएवढें कांहीं तरी पंख हालवीत, शेपटी ओढीत, खोल पाण्याकडे शांतपणें निघून गेलें. मुलगा जागच्या जागीं उभा राहिला.

"आजोबा! वाळू चालली!"

"पाकट," तांडेल म्हणाले. "गेला तो. चला आतां, पण पाय घाशीत."